रियाजाला साथीदार हवाय? चार ओळी टाइप कर

गिटार शिकायला लागलास आणि लगेच महागड्या सॉफ्टवेअरची चौकशी? थांब जरा. एमएमए (म्युझिकल मिडी अकंपनिमेंट) नावाचा एक मोफत पायथन प्रोग्राम आहे, कॉर्ड दिले की साथ तयार करणारा, तो टाक. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वर टेम्पो (मिनिटाला किती ठोके) लिहायचा, मग ग्रूव्ह, म्हणजे साथीची ढब: स्विंग, वॉल्ट्झ, बोसानोव्हा असलं काही. त्याखाली एकेका ओळीत एकेका मात्रागटाचे कॉर्ड. टर्मिनलवर एमएमए आणि पुढे फाइलचं नाव दिलं की मिडी फाइल तयार. ड्रम्स, बेस, सगळी मंडळी हजर!

पण मिडीत आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात. वाजवायला फ्लुइडसिंथ हा प्रोग्राम आणि एक साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, लागते. साउंडफाँट भिकार असेल तर पियानो डबा वाजल्यासारखा येतो. तेव्हा एमएमएला शिव्या देऊ नकोस.

खरी मजा बदलांत आहे. गाणाऱ्या ताईचा सा काळी एक? सी मध्ये लिहिलेल्या फाइलीत ट्रान्सपोज १ टाक, झालं. टेम्पो मात्र आधी ६० ठेव. १२० वर सगळेच चुका लपवतात, मीही लपवल्यात.

दादरच्या आमच्या चाळीत रात्री दहानंतर भिंतीपलीकडून टकटक होते, म्हणून हेडफोन. आणि लोकलमध्ये कॉर्ड मोबाइलवर टाइप करून ठेव, घरी पोचल्यावर फक्त चालवायचं. नुसती तानपुऱ्यासारखी आस हवी असेल तर सॉक्स या टर्मिनलवरच्या आवाजाच्या प्रोग्रामने तेवढ्यापुरते सूर धरता येतात, पण खऱ्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, त्यात नाही.