लिनक्ससाठी लिहिलेला सोर्स कोड विंडोजवर बिल्ड कसा करायचा?

तुम्ही टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडून साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कॉन्फिगर' चालवलंत आणि विंडोजने ती कमांडच ओळखली नाही. कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्स टर्मिनलच्या कमांडची फाइल आहे. तिला बॅश, सेड, मेक ही लिनक्सच्या टूल्सची सगळी मंडळी हाताशी लागतात.

आधी ठरवा, प्रोग्रॅम कुठे चालवायचा आहे. फक्त स्वतःच्या मशीनवर हवा असेल तर सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) घ्या, तिथे लिनक्सच्या पायऱ्या जशाच्या तशा चालतात.

दुसऱ्याला देता येईल अशी ईएक्सई हवी असेल तर मी एमसिस२ (विंडोजवर लिनक्ससारखी टूल्स देणारा संच) सुचवेन. स्टार्ट मेन्यूत त्याची बरीच टर्मिनल दिसतील. त्यातलं 'यूसीआरटी६४' उघडा, नुसतं 'एमसिस' नव्हे. इथेच अनेकजण फसतात: एमसिसमध्ये त्याच्याच जीसीसी कंपायलरने बिल्ड केलेली ईएक्सई एमसिसच्या डीएलएलशिवाय (सोबत लागणाऱ्या लायब्ररी फाइलशिवाय) दुसरीकडे सुरूच होत नाही. कंपायलर पॅकमॅनने (एमसिस२ च्या पॅकेज मॅनेजरने) टाका, तोही यूसीआरटी६४ चाच.

कोडमध्ये 'फोर्क' (चालू प्रोग्रॅमची प्रत काढणारा लिनक्सचा कॉल) वापरलेला असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण विंडोजमध्ये फोर्क नाही. अशा वेळी विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारं सिगविन वापरा. ते १९९५ पासून हेच काम करतंय, फक्त त्याची डीएलएल सोबत द्यावी लागते.

फोल्डरच्या पाथमध्ये स्पेस नको. 'स्लॅश आर: कमांड नॉट फाउंड' अशी एरर आली तर गिटने (कोड उतरवून घेणाऱ्या टूलने) ओळींचे शेवट बदललेत; त्याचं 'ऑटोसीआरएलएफ' सेटिंग फॉल्स करून पुन्हा क्लोन करा, म्हणजे कोड नव्याने उतरवा. आणि कॉन्फिगर इथे फार हळू चालतं, अडकलंय समजून बंद करू नका.