गो-कार्ट वळणावर आधी सरळ पळते आणि मग एकदम मागून सुटते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की स्टेअरिंग वळवलं तरी कार्ट सरळच जाते, अजून वळवलं की झटक्यात मागचं सुटतं, म्हणजे मागची चाकं बाहेर घसरतात, आणि वळणाच्या मधे इंजिन दबतं. तक्रारी तीन असल्या तरी दुखणं एकच दिसतंय, वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक वेळेवर जमिनीवरून उचलत नाहीये. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसलेली, म्हणजे वळणात आतल्या चाकाला अंतर कमी असलं तरी ते बाहेरच्याइतकंच फिरणार, आणि जमिनीला टेकून राहिलं तर कार्टला सरळ ढकलत राहणार, इंजिनची ताकद त्या घासण्यातच जाणार. मग ड्रायव्हर स्टेअरिंग अजून वळवतो आणि तेव्हा कुठं ते चाक उचलतं, तेही एकदम, म्हणून मागचं झटक्यात सुटतं. म्हणून मागची ग्रिप वाढवायच्या मागं लागू नका, त्रास अजून वाढेल.

आधी उभ्या कार्टवर बघून घ्या. सपाट फरशीवर ठेवा, ड्रायव्हरला बसवा, आतल्या मागच्या टायरखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि स्टेअरिंग त्याच बाजूला पूर्ण वळवा. पुठ्ठा हाताने सहज निघाला पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. एकीकडे निघतो आणि दुसरीकडे अडकतो असं झालं तर बहुधा फ्रेम कायमची पिळलीय नाहीतर स्टब अ‍ॅक्सल (पुढचं चाक बसतो तो छोटा दांडा) वाकलाय, तसं असेल तर सेटिंग करून उपयोग नाही.

दोन्हीकडे अडकत असेल तर कॅस्टर (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागं झुकलेला कोन) थोडा वाढवा, स्टेअरिंग जड होईल पण चाक उचलायचं काम तोच करतो. पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) ५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड वॉशर, टाकून बाहेर घ्या. तरी नाही जमलं तर सीट १० मिमी वर घेऊन बघा. टो आउट (पुढच्या चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळलेली असणं) मात्र २-३ मिमीच्या वर नेऊ नका, टायर घासतात नुसते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, कॉलेजच्या टीमच्या फ्रेम वेल्डिंगला येतात. बहुतेकांत पोरं मजबुतीसाठी आडवे-तिरपे पाइप वाढवत जातात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण कार्टला सस्पेन्शन नसतं, फ्रेमचं पिळणं हेच सस्पेन्शन. फ्रेम पिळलीच नाही तर कितीही कॅस्टर द्या, कार्ट वळणात नीट वागणार नाही. सीटला जादा स्टे (आधाराचे दांडे) लावले असतील तर आधी ते काढून बघा, फुकटचं काम आहे, सीटचे मुख्य बोल्ट मात्र घट्टच पाहिजेत.

आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये सकाळी हवा भरून कार्ट उन्हात उभी केली की चालवायच्या आधीच प्रेशर चढलेलं असतं, १० अंश वाढले की साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), त्यात उन्हाकडच्या बाजूचे दोन टायर जास्त फुगतात आणि तुम्ही डावं-उजवं वेगळं का वागतंय म्हणून डोकं धरून बसता. सावलीत उभी करा, चारही टायर एकाच वेळी मोजा, ट्रॅकवरून आल्या आल्या परत मोजून लिहून ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वळणावर मोबाईलने मागून व्हिडिओ काढा, चाक उचलतंय का ते स्पष्ट दिसतं. कार्ट वळणात उड्या मारायला लागली तर समजा जास्त झालं, मग आधी सीट खाली घ्या.