सेलिब्रिटी क्रूझच्या जहाजांवर ती मोठी फुली कशाची? कंपनी ग्रीक आहे का?

फुली नाही ती, ग्रीक अक्षर आहे, 'खी'. शांद्रिस (ग्रीक उच्चार 'खांद्रिस'च्या जवळचा) आडनावाचं ग्रीक लिपीतलं पहिलं अक्षर. आज कंपनी ग्रीक नाही, पण सुरू केली ती याच ग्रीक घराण्याने.

जॉन शांद्रिस यांनी १९१५ साली मालवाहू जहाजांपासून धंदा मांडला. प्रवासी वाहतुकीत खरी उडी घेतली ती पुढच्या पिढीने, १९५९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो ग्रीक पोटापाण्यासाठी ऑस्ट्रेलियाला निघाले होते. शांद्रिसनी एक जुनं ब्रिटिश जहाज घेतलं, त्याला 'पात्रिस' म्हणजे 'मायदेश' असं नाव दिलं आणि पिरेयस (अथेन्सचं बंदर) ते सिडनी फेऱ्या चालू केल्या. देश सोडून जाणाऱ्यांच्या जहाजाला हे नाव! मला तरी ते चटका लावून जातं.

नवी जहाजं बांधण्यापेक्षा जुनी घेऊन त्यांत जास्त माणसं बसवायची, हा त्यांचा हिशेब. १९४० मध्ये सेवेत आलेलं 'अमेरिका' हे नामांकित जहाज त्यांनी १९६४ मध्ये घेतलं आणि 'ऑस्ट्रेलिस' म्हणून चालवलं. (तेच पुढे दुसऱ्या मालकांकडे असताना, १९९४ मध्ये कॅनरी बेटांपाशी वादळात किनाऱ्यावर आदळून फुटलं.)

विमानप्रवास स्वस्त झाला तसे स्थलांतरित प्रवासी आटले आणि घराणं सहलींच्या जहाजांकडे वळलं. १९८० च्या दशकाअखेरीस सेलिब्रिटी काढली ती श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी. १९९७ मध्ये रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीने ती विकत घेतली. खी मात्र तशीच राहिली.