क्लास न लावता नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. कोणती पुस्तकं घ्यावीत? ताईची जुनी चालतील का? केमिस्ट्री कशी करू?

तुझ्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे सरकले असते. "सगळे म्हणतात फिजिक्ससाठी जेईईचं (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं) जाड पुस्तक लागतंच." आमच्या घरी हे 'सगळे' म्हणजे एकटा दादा होता.

दादा इंजिनिअर. मी अकरावीत गेले त्याच आठवड्यात त्याने स्वतःची दोन जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, यातली गणितं सुटायला लागली की नीटचं फिजिक्स म्हणजे हातचा मळ. मी भाबडेपणाने दोन वर्षं तेच केलं. एकेका गणिताला वीस-वीस मिनिटं. सुटलं की दिवसभर हवेत. बायोलॉजी काय, वाचली की येते, असं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मे 2019 मध्ये पेपर दिला. 720 पैकी 351. त्यात फिजिक्सचे 52. दादाने आकडा ऐकला आणि विचारलं, "पुस्तक पूर्ण झालं होतं का तुझं?" नव्हतं. "मग?" विषय संपला. त्याच्यापुरता.

माझ्यापुरता संपला नव्हता. ओएमआरची (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरतालिका घेऊन मी एक अख्खी दुपार जमिनीवर बसले आणि फिजिक्सचे 45 प्रश्न एकेक करून तपासले. 19 बरोबर, 24 चूक, 2 सोडलेले. त्या 24 समोर मी खुणा केल्या. खरंच येत नव्हते असे 9. रीत बरोबर, पण एकक किंवा आकडेमोड चुकली असे 11. आणि 4 ठिकाणी 'चुकीचे विधान ओळखा' असताना मी बरोबर विधानाचा गोळा रंगवला होता. न आलेल्या 9 पैकी 7 एनसीईआरटीतल्या (केंद्राच्या अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांतल्या) सोडवलेल्या उदाहरणांच्याच वळणाचे होते. म्हणजे दादाच्या पुस्तकाने सुटला असता असा प्रश्न फार तर दोन. हा कागद मी त्याला दाखवला. त्याने तो हातातसुद्धा घेतला नाही.

नीटमध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटं मिळतात. (मधली काही वर्षं 200 प्रश्न आणि त्यातले 20 सोडून द्यायची मुभा, असा प्रकार होता. 2025 पासून पुन्हा 180.) एका गणितावर वीस मिनिटं झुंजायची सवय लागलेला माणूस तिथे आठव्या प्रश्नावरच अडकून बसतो, कारण सोडून पुढे जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. मला वाटायचं.

बायोलॉजीची गोष्ट तर लाजिरवाणी आहे. माझ्याकडे तिची चार गाइडं होती, सगळ्यांत रंगीत तक्ते. एका सराव पेपरात विचारलं होतं, बेडकाच्या मेंदूतून कपालतंत्रिकांच्या किती जोड्या निघतात? मी ठोकून दिलं, 12. त्या माणसाच्या. बेडकाच्या 10. एनसीईआरटीत ते एक साधं, चौकटीबिकटीत न घातलेलं वाक्य आहे. गाइडवाल्याने तक्ता करताना ते गाळलं होतं आणि मी तक्ताच पाठ केला होता. निम्मा पेपर बायोलॉजीचा असतो, 360 गुण, आणि तो बराचसा अशा साध्या वाक्यांवर चालतो. आकृतीखालच्या ओळी, कंसातली उदाहरणं, धड्याच्या शेवटचा सारांश, सगळं वाच.

पुढच्या वर्षी रिपीटर बॅचला गेले. मार्च 2020 मध्ये क्लास बंद पडला. फी परत मिळाली नाही, मिळाली ती मॉड्यूल्स, म्हणजे क्लासची छापील पुस्तकं. अठरा. त्यातली पंधरा मी उघडलीच नाहीत आणि परीक्षेच्या दृष्टीने माझं सगळ्यात चांगलं झालेलं काम तेच. परीक्षा 3 मेची 26 जुलैला गेली, तिथून 13 सप्टेंबरला. त्या सहा महिन्यांत टेबलावर एनसीईआरटी, जुने पेपर आणि चुकांची वही, एवढंच होतं. बायोलॉजी सात वेळा वाचली. जुने पेपर आधी धड्याप्रमाणे सोडवले, मग पूर्ण, तेही दुपारी 2 ते 5 या वेळेतच, कारण खरा पेपर दुपारी 2 लाच सुरू होतो आणि तेव्हा मला हमखास झोप यायची. वहीत उत्तरं लिहायची नाहीत, का चुकलं ते लिहायचं. 'व्यास दिला होता, त्रिज्या समजून वर्ग केला, उत्तर चौपट आलं.' आणि चौपटीचा पर्याय खाली हजर असतोच. पेपर काढणाऱ्यांना आपल्या खोडी आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

त्या वेळी 591 आले. फिजिक्स 118. 31 बरोबर, 6 चूक आणि 8 सोडलेले. मला अभिमान त्या सोडलेल्या आठांचा आहे.

आता ताईच्या पुस्तकांचं. नुसत्या जुन्यांवर राहू नकोस. एनसीईआरटीने मध्यंतरी बरेच धडे गाळले, आणि नीट 2024 पासून एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) अभ्यासक्रमही छाटला. केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, बायोलॉजीतलं पचनसंस्थेचं प्रकरण, हे सगळं गेलं. ताईच्या पुस्तकात ते असणार आणि तू इमानेइतबारे पाठ करत बसणार. पण जुनी रद्दीतही घालू नकोस, कारण उलटाही घोळ आहे. प्राण्यांच्या ऊती नव्या पुस्तकातून गेल्या, एनएमसीच्या यादीत मात्र आहेत. माल्व्हेसीसारखी वनस्पतींची कुळं यादीत आहेत, पुस्तकात नाहीत. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एनएमसीचा अभ्यासक्रम छापून भिंतीवर लाव आणि त्यावर टिक करत पुस्तकं निवड. लोक हे शेवटी करतात.

आवृत्तीने काय होतं ते 2024 ला दिसलंच. फिजिक्सच्या एका प्रश्नात दोन विधानं होती, त्यातलं दुसरं असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. जुन्या एनसीईआरटीप्रमाणे ते बरोबर, नव्याप्रमाणे चूक. एनटीएने (परीक्षा घेणाऱ्या संस्थेने) आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी दुसरं विधान चूक ठरवलं आणि चार लाखांहून जास्त मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले. चार मिळालेले काढून घेतले, चुकीच्या उत्तराचा एक वजा. त्यांच्यात बऱ्याच जणांकडे एखाद्या ताईचं पुस्तक असणार.

दादाबद्दल न्यायाने सांगायचं तर मे 2025 चा फिजिक्सचा पेपर फारच अवघड आणि लांबलचक आला. संध्याकाळी मी वॉर्डमध्ये असताना त्याचा मेसेज आला, "बघ." एवढाच. सहा वर्षांनी. तर हो, नुसत्या एनसीईआरटीवर फिजिक्स निघत नाही, हे मी मान्य करते. सरावाला एक वेगळं पुस्तक हवं. पण एकच, नीटच्याच वळणाचं, ज्यातला प्रश्न दोन मिनिटांत एक तर सुटतो नाहीतर सोडता येतो. आणि पेपर अवघड आला तर तो सगळ्यांनाच अवघड असतो, मग हातात राहते ती बायोलॉजी. मी हेच त्याला उत्तर पाठवलं. त्याने अंगठा दाखवला, वर की खाली ते सांगत नाही.

आणखी एक, हे खरं तर वर सांगायला हवं होतं. मी क्लासशिवाय केलं असं वाटत असेल, तर त्याआधी नऊ महिने क्लासला बसले होते. मेकॅनिक्स मला तिथल्या एका सरांमुळे कळलं, पुस्तकामुळे नाही. तुला धडा वाचून डेरिव्हेशन स्वतः मांडता येत असेल तर क्लासची गरज नाही. येत नसेल तर निदान तेवढ्या विषयाला कुणीतरी समोर बसून समजावणारं शोध.

केमिस्ट्रीचं विचारलं होतंस ते राहिलंच. इनऑरगॅनिक एनसीईआरटीतूनच कर, ओळ न ओळ. फिजिकलची गणितं रोज दहा, कॅल्क्युलेटर न घेता, लॉगसकट. ऑरगॅनिक मला शेवटपर्यंत धड आलं नाही, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला तरी विचार.