दिवस तोड

तुझा प्रशिक्षणाचा आराखडा वाचला. बँकेच्या कर्ज अधिकाऱ्यांसाठी साडेनऊ ते साडेपाच, नऊ विषय, आणि पहिल्याच स्लाइडवर मेंदूचं रंगीत चित्र. खाली ‘बघून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’. ती स्लाइड आधी काढ. प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ सालीच लिहिलंय. मेंदूविज्ञान चित्रात नको, वेळापत्रकात दिसू दे.

नऊ विषय आठ तासांत कसे बसवू, असं विचारतेस. बसवू नकोस. दिवस तोड. दोन-दोन तासांच्या चार बैठका, आठवड्याला एक.

ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनांना टायपिंग शिकवलं, त्याचा अभ्यास बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये छापला. रोज एकच तास बसणाऱ्यांना कीबोर्ड सुमारे ३५ तासांत आला. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना जवळपास ५० लागले. आणि नाराज कोण? तासभरवाले! त्यांचं शिक्षण जास्त दिवस रेंगाळलं ना. आता तुझ्या फीडबॅक फॉर्मवर किती विसंबायचं ते तूच ठरव.

टोरोंटोच्या शिकाऊ सर्जनांचंही तेच. बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची चार सत्रं काहींना एका दिवसात दिली, काहींना आठवड्याला एक. महिन्याभराने परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला (२००६). ताजी आठवण हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, भरवशावर असते. ती पक्की व्हायला मध्ये रात्री जाव्या लागतात, झोप लागते. तुझ्या साडेनऊ ते साडेपाचमध्ये रात्र कुठे आहे?

दुसऱ्या बैठकीत उजळणीची स्लाइड दाखवायची नाही. कोरा कागद द्यायचा: मागच्या वेळचं आठवेल ते लिहा, वह्या मिटून. कुरकुरतील. कुरकुरू देत.

एचआर म्हणेल, माणसं चारदा कशी सोडायची? हे मीही ऐकलंय, आणि त्यापायी कामं घालवलीत. ती ज्यांना मिळाली त्यांनी एका दिवसात उरकून ग्रुप फोटो काढले, सर्टिफिकेटं वाटली. मला हेकट म्हणतात. म्हणू देत, महिन्याभराने त्या अधिकाऱ्यांसमोर ताळेबंद ठेवून बघायला कुणी गेलं होतं का? वाईट वाटतं ते त्या पोरांचं, ती होती तिथेच राहिली.

अगदीच अडलं तर अर्धा दिवस आत्ता, अर्धा तीन आठवड्यांनी माग. तेही नाही म्हणाले तर काम सोड. घरभाड्याची ओढाताण झाली तर संकोच न करता मला फोन कर, पण पुढचा आराखडा पाठवशील त्यावर एकच तारीख असली तर मी तो उघडणार नाही.