घरामागे रूफटॉप बार आहे, रात्री एकपर्यंत गाणी चालतात. इंदूरमध्ये नियम काय आहे आणि तक्रार कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विजय नगरकडे घराच्या मागच्या गल्लीत गच्चीवर बार सुरू झालाय, शनिवार-रविवार धिंगाणा असतो, पोलीस आले की आवाज बसतो, ते वळले की पुन्हा चढतो. मोबाइलच्या ॲपवर 60 डेसिबल दिसतात, ते पुरावा म्हणून चालतील का?

मी साउंडचं काम करतो. नाटकं, लग्नं, संमेलनं, आणि हो, काही बारमध्ये सिस्टिमही बसवून दिली आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चाली ठाऊक आहेत.

डेसिबल आधी बाजूला ठेवा. पहिलं बघा की जागा उघडी आहे की बंद. 2000 सालचे केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात की रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लाउडस्पीकर, ॲम्प्लिफायर, वाद्य काहीच वाजवायचं नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेला, तीसुद्धा आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. सभागृह, बँक्वेट हॉल अशी उदाहरणं नियमातच दिली आहेत. गच्चीवर पत्रा टाकला आणि कडेने कुंड्या मांडल्या म्हणून ती बंदिस्त जागा होत नाही. तेव्हा तुमच्या प्रकरणात 10 नंतर उघड्यावर स्पीकर चालू होता, एवढंच दाखवायचंय. त्याला मीटर कशाला? घड्याळ दिसेल असा व्हिडिओ, तुमच्या खिडकीतून, बारची गच्ची ओळखू येईल असा. बहुतेक रहवासी इथेच फसतात. ते ‘आवाज फार आहे’ म्हणतात, समोरचा ‘फार नाहीये’ म्हणतो, आणि वाद मोजणीवर जाऊन बसतो. मोजणीवाले येतात तेव्हा बारमध्ये गझल चालू असते.

बार बंद हॉलमध्ये असता तर मात्र आकडे लागले असते. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागाची 65 आणि 55. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरचा शांतता विभाग असेल तर 50 आणि 40. खासगी जागेतल्या सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. बारवाले हमखास सांगतात, ‘भिया, 75 तक अलाउड है.’ ते 75 सार्वजनिक जागेच्या हद्दीसाठी आहे, आणि तिथेही ‘मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल ते’ असं आहे. व्यापारी भागात रात्री ते 65 वरच थांबतं. आपल्याकडे स्कीमच्या प्लॉटवर खाली घर, वर दुकान, शेजारी हॉटेल अशी खिचडी असते. अशा मिश्र भागाला राहता, व्यापारी, औद्योगिक आणि शांतता या चारपैकी कोणत्या वर्गात धरायचं हे सक्षम अधिकारी ठरवतो, बारचा मॅनेजर नव्हे. ते लेखी विचारून घ्या.

आता मोबाइलचं. ॲपवरचा आकडा तारीख-वेळेची नोंदवही म्हणून ठीक, पुरावा म्हणून कच्चा. फोनचा माइक बोलणं पकडायला बनवलेला असतो, त्याला खालचे सूर नीट कळतच नाहीत. आणि त्रास तर तिथेच आहे.

माझ्या मावशीच्या घरी अशीच कटकट होती. गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते, पण स्वयंपाकघरातल्या मांडणीतली स्टीलची ताटं एकमेकांवर किणकिणत होती, ठेक्यावर. मी मीटर नेला. ‘ए’ वजनाने 49 आलं, म्हणजे कागदावर किरकोळ. तोच मीटर ‘सी’वर, म्हणजे खालचे सूर जवळपास पुरते मोजणाऱ्या वजनावर, टाकला तर 71. आपल्या नियमातली मोजणी डीबी(ए) मध्ये आहे. हे ‘ए’ वजन माणसाच्या कानाला धरून खालच्या सुरांना सूट देतं. 63 हर्ट्झला सुमारे 26 डेसिबल वजा होतात. सबवूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, सगळा धंदा त्याच पट्ट्यात चालतो. शिवाय 60 हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास, तिला काच आणि चार इंची भिंत म्हणजे काहीच नाही. हा सबवूफर (सब) स्लॅबवर टेकवलेला असला तर आवाज हवेतून येण्याआधी इमारतीतूनच उतरतो. म्हणून मोजणी झाली तर दोन्ही आकडे लिहून घ्यायची विनंती करा. ‘ए’चा आकडा कायद्याचा, ‘सी’चा आकडा अधिकाऱ्याला तुमचं दुखणं समजावण्यासाठी.

तक्रार हिंदीत, लेखी, आणि गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्यांनी. ‘शोर’ असा मोघम शब्द नको. सरकारी भाषेत लिहा: ‘रात्रि 10 बजे के बाद खुली छत पर ध्वनि विस्तारक यंत्र का उपयोग’. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या, एक डीसीपी (पोलीस उपायुक्त) कार्यालयात. डिसेंबर 2021 पासून इंदूरला पोलीस कमिशनरेट आहे. राज्याचा स्वतःचा 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे, त्याखाली सामान जप्त होतं. जप्तीची धास्ती दंडापेक्षा जास्त असते, कारण सिस्टिम बरेचदा भाड्याची असते. डिसेंबर 2023 मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांचा पहिलाच आदेश लाउडस्पीकरवर निघाला आणि जिल्ह्याजिल्ह्यात उडनदस्ते (अचानक तपासणी करणारी पथकं) नेमायला सांगितले, त्याचाही अर्जात उल्लेख करा. ऐन वेळी पोलिसांचा 112, नंतर 181 वर सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार बंद करण्यापूर्वी तुम्ही समाधानी आहात का असं विचारतात. आवाज खरंच थांबला नसेल तर भिडेखातर ‘हो’ म्हणू नका. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी.

शिक्षेबद्दल लोक अजून ‘पाच वर्षं जेल’ म्हणतात. ते पर्यावरण कायद्याचं जुनं कलम. 1 एप्रिल 2024 पासून त्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आलाय. 

माझ्या मते याहून जास्त कामाची जागा म्हणजे आबकारी खातं. बारचा परवाना ठरावीक जागेचा असतो. माहिती अधिकारात 10 रुपये भरून परवान्यासोबतचा मंजूर नकाशा मागा, त्यात गच्ची आहे का बघा. नगर निगमकडे त्या शेडची परवानगीही त्याच झटक्यात विचारा. आवाजाच्या तक्रारीला न हलणारा मालक नकाशाचं नाव काढल्यावर चहाला बोलावतो.

एक कडू गोष्ट सांगून टाकतो. हाच नियम आपल्या गणपतीच्या ढोलालाही आहे. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, बस्स. बारवाला हे तुमच्या तोंडावर मारणार. उत्तर तयार ठेवा, आणि तुमचं मंडळ असेल तर त्याचा आवाजही.

मालक चहाला बोलावेल तेव्हा ‘आवाज कमी करा’ एवढंच सांगून उठू नका. 10 वाजता गच्चीवरचे स्पीकर बंद. गाणी आत न्यायची असतील तर सब स्लॅबवरून उचलून जाड रबरावर, दाराला दुहेरी दार, आणि ॲम्प्लिफायरच्या आधी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारं यंत्र. लिमिटरची पातळी तुमच्या घरात उभं राहून ठरवायची, रात्रीच्या वेळी. आणि त्याचा पासवर्ड डीजेकडे ठेवायचा नाही. मी बसवून दिलेले लिमिटर डीजेंनी पहिल्याच शनिवारी उघडलेले पाहिलेत.