हिवाळ्यापुरतं पनामात राहायचंय? आधी बसने फिरून बघा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, कॅनडात मिसिसागाला राहतो. पुढचे हिवाळे पनामात काढावेत असं मनात आहे. त्याआधी जानेवारीत महिनाभर देश बघायचाय. गाडी भाड्याने न घेता नुसत्या बसने जमेल का?

उत्तर : जमेल, आणि बसनेच फिरा. उद्या डोळ्यांमुळे किंवा गुडघ्यांमुळे गाडी चालवणं सुटलं, तर त्या गावात तुमचा निभाव लागेल का, हे बसमधूनच कळतं.

लांबच्या जवळजवळ सगळ्या गाड्या पनामा सिटीच्या आल्ब्रूक टर्मिनलवरून सुटतात. मेट्रोची लाइन १ तिथेच येते, तिकीट ३५ सेंट. मेट्रोचं कार्ड आधीच घेऊन त्यात पैसे भरून ठेवा, कारण फलाटावर जायच्या फिरत्या दांडीलाही ते लागतं. तिथे फक्त १० सेंट कापले जातात, पण नवखी माणसं नेमकी तिथेच अडकतात. हातात तिकीट, समोर गाडी, आणि कार्ड नाही!

तिकीट खिडक्यांवर गावांची नावं लिहिलेली असतात. कोरोनाडो, एल वाये यांसारख्या जवळच्या ठिकाणांना तीसेक सीटच्या छोट्या बसगाड्या जातात. आपल्याकडच्या वडापसारखंच, भरली की सुटली. बहुतेक वेळा पैसे उतरताना द्यायचे असतात. थांबा जवळ आला की मोठ्याने ‘पारादा’ म्हणायचं. मोठी बॅग ठेवायला या गाड्यांत जागा जेमतेम, म्हणून माणशी एकच मध्यम बॅग घ्या.

पश्चिमेकडच्या दाविद शहराला जायला मोठी गाडी. अंतर साधारण ४५० किलोमीटर, वेळ सात तासांच्या आसपास. दिवसभर गाड्या असतात, रात्रीच्या एक्सप्रेसही आहेत. पहिल्यांदा मात्र दिवसाच जा, नाहीतर देश झोपेतच मागे पडेल. जाताना उजवीकडची सीट मागा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो आणि गाडी पश्चिमेला जाते, त्यामुळे डावी बाजू तापते. तरी स्वेटर आणि पायमोजे हाताशी ठेवाच. एसी इतका कडक असतो की ऊन लागणाऱ्या सीटवरही माणसं कुडकुडतात. वाटेत सांतियागोला जेवणाचा थांबा असतो. पासपोर्ट गाडीच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत टाकू नका, कारण चिरिकी प्रांतातल्या नाक्यावर पोलीस तो मागू शकतात.

चलन म्हणजे अमेरिकन डॉलरच. नोटा डॉलरच्या, नाणी मात्र तिथलीही चालतात. १, ५ आणि १०च्या नोटा बाळगा. ५० आणि १००च्या नोटा बसमध्ये सोडाच, दुकानांतही बऱ्याचदा नाकारतात.

एक तारीख सांभाळा. कार्निव्हलचे चार दिवस, म्हणजे ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासाच्या काळाचा पहिला दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये) आधीचे शनिवार ते मंगळवार, सगळा देश गावाकडे निघालेला असतो, विशेषतः लास ताब्लासकडे. त्या आठवड्यात आहात तिथेच राहा.

प्रश्न : डोंगरातलं बोकेते की समुद्रकिनारा? फोटोत दोन्ही सुंदर दिसतं.

उत्तर : पॅसिफिक बाजूला डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतू असतो, म्हणजे तुम्ही बाहेर काढणार तेच महिने. किनाऱ्यावरच्या कोरोनाडो भागात तेव्हा आभाळ स्वच्छ, पण दुपारी ऊन मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारं. एसीशिवाय चालत नाही आणि पनामात वीज स्वस्त नाही. घर ठरवताना बिल भाड्यात आहे की वेगळं, हे लेखी घ्या.

बोकेते साधारण १,२०० मीटरवर, ३,४७४ मीटर उंच बारू ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथल्या हवेबद्दल कोणी एका वाक्यात सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कारण दोन-चार किलोमीटरवर हवा बदलते. कोरड्या ऋतूतले उत्तरेचे वारे कॅरिबियन बाजूचं बाष्प डोंगरमाथ्यावरून इकडे ढकलतात. त्यातून ‘बाहारेके’ नावाचा बारीक तुषार पडतो, ऊन असतानाही. दरीच्या आतल्या, डोंगराकडच्या घरांत त्यामुळे कपडे वाळत नाहीत आणि चामड्याला बुरशी धरते. दाविदच्या दिशेला असलेलं आल्तो बोकेते कोरडं आणि उबदार, पण तिथे वाऱ्याने पत्रे रात्रभर वाजतात. संधिवात असेल तर दरीच्या आत राहू नका, झोप हलकी असेल तर आल्तोत एक रात्र काढल्याशिवाय पैसे भरू नका.

बसने हे तपासणं सोपं आहे. दाविद टर्मिनलवरून बोकेतेची गाडी दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने सुटते, प्रवास तासाभराचा. आल्तोत उतरा, घरं बघा, पुढची गाडी धरून खाली गावात जा. घर पसंत पडलं की सर्वांत जवळच्या थांब्यापासून भाजीची पिशवी घेऊन एकदा चालत या. चढ नकाशात दिसत नाही. मोठं रुग्णालय दाविदला आहे, हेही लक्षात घ्या. छातीत दुखायला लागलं तर तेवढा रस्ता मध्ये आहे. हृदयरोग्यांनी दाविद किंवा पनामा सिटीच निवडावी.

बोकास देल तोरो बघायला जरूर जा. पण कॅरिबियन बाजूला हिवाळ्यातही पाऊस असतो. मुक्कामाला ते नको.

प्रश्न : किती दिवस बाहेर राहिलो तर ओहिप (ओंटारियो प्रांताचा सरकारी आरोग्यविमा) जातं?

उत्तर : कोणत्याही १२ महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत ओंटारियोबाहेर राहता येतं. भारतातले दिवसही त्यातच मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. परदेशातल्या रुग्णालयाच्या बिलातला ओहिप अगदी थोडा भाग देतं, तेव्हा प्रवासविमा हवाच. त्यात जुन्या आजाराबद्दल ‘स्थिर’ राहण्याची अट असते, अनेकदा ९० किंवा १८० दिवसांची. निघायच्या आधी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी नुसती कमी-जास्त केली तरी दावा नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी : मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) सहसा देशाबाहेर चालत नाही.

प्रश्न : पनामातून थेट पुण्याला लग्नाला जायचंय. काही अडचण?

उत्तर : आहे, आणि मोठी. भारताच्या यादीत पनामा पीतज्वराचा (यलो फीव्हर) देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि लस किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर विलगीकरणात ठेवतात, म्हणजे हळद बुडाली. साठीनंतर या लशीचे दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लस नको असेल तर मध्ये टोरांटोला परतून आठवडाभर थांबा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. मिक्सर न्यावा का?

उत्तर : भारतातला नको, तिथे ११० व्होल्ट आहे. कॅनडातला चालेल, प्लगही तोच. खाण्यात आपली तूर सर्रास मिळते, तिला ‘ग्वांदू’ म्हणतात आणि नारळाच्या दुधातल्या भातात घालतात. उसळी मात्र पुष्कळदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेल्या असतात. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात कोंबडी येते. कोंबडी, हॅम, मासे अशी एकेक नावं घेऊन नको म्हणा. भारतीय किराणा पनामा सिटीत मिळतो, हिंग आणि गोडा मसाला घरूनच न्या.